हवेनं पीक घटतं, हे शेतात उभं राहून ओळखायचं कसं?

शिवारकर | ५ जानेवारी, रात्री ९:४२

रामराम मंडळी. इथले शेतीचे धागे नेमाने वाचतो, लिहितो कमी. एक प्रश्न तीन हंगाम डोक्यात घोळतोय, आज मांडतोच.

आमची शेती निफाड तालुक्यात. दीड एकर द्राक्ष, दोन एकर गहू, बाकी कांदा. गव्हाचं वावर महामार्गापासून दोन शेतं आत आहे. गहू पोटरीत येईपर्यंत बघत राहावा असा असतो. निसवला, म्हणजे ओंबी बाहेर पडली, की खालच्या पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट तपकिरी ठिपके यायला लागतात. शिरांच्या मधल्या जागेत, पानाच्या वरच्या बाजूला. मग पान पिवळं पडतं आणि आठ-दहा दिवस आधीच वाळतं. ओंब्या मोजाव्या तर तेवढ्याच, पण दाणा बारीक. तांबेरा नाही, बोट फिरवलं तर भुकटी लागत नाही. माती तपासून झाली, झिंक दिलं, मॅग्नेशियम फवारलं, बियाणं बदललं. पाण्याच्या पाळ्या वेळेवर आहेत.

कृषी सहायकांना शेतात आणून दाखवलं. माणूस चांगला आहे, दोनदा आला. शेवटी म्हणाला, "वातावरण आहे, दादा." आता आपल्याकडे वातावरण म्हणजे ढग, धुकं, अवकाळी, थंडी कमी-जास्त. हवाच नासलेली असू शकते हा अर्थ त्या शब्दात आपण कधी धरत नाही. पण पुण्यात शिकणारा पुतण्या म्हणाला, काका, धुरामुळे गव्हाचं उत्पन्न घटतं यावर बरंच संशोधन झालंय.

माणसाला खोकला आला की कळतं. पिकाला हवेनं नेमकं काय होतं? किती होतं? आणि माझ्या शेतात ते होतंय की नाही, हे मी कसं ओळखू?

हरभरा | ५ जानेवारी, रात्री १०:१५

फोटो टाका दादा. पानाची वरची बाजू आणि खालची बाजू, दोन्ही. करप्याची सुरुवातही अशीच दिसते.

शिवारकर | ६ जानेवारी, सकाळी ७:०५

@हरभरा, यंदाचा गहू अजून कांडी धरतोय. ठिपके फेब्रुवारीत येतात, तेव्हा नक्की टाकतो.

वातकुक्कुट | ६ जानेवारी, दुपारी १:३०

शिवारकर, तुमचं वर्णन वाचून जेवणाच्या सुट्टीतच लिहायला बसले. माझं काम हवेतल्या वायूंच्या मोजमापाचं आहे, शेतीचं ज्ञान जेमतेम. तेव्हा पिकाबद्दल चुकले तर इथल्या जाणत्यांनी दुरुस्त करावं.

तुम्ही सांगताय ती लक्षणं ओझोनच्या इजेशी जुळतात. ओझोन म्हटलं की आपल्याला उंचावरचं संरक्षक कवच आठवतं. हा तोच वायू, पण जमिनीलगतचा, आणि इथे तो विषारी. तो कुठल्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. गाड्या, वीजकेंद्रं, कारखाने, जनरेटर यांतून नायट्रोजनची ऑक्साइडं येतात, इंधन-रंग-जाळपोळ यांतून कार्बनी वाफा येतात, आणि कडक उन्हात या दोघांच्या प्रक्रियेतून ओझोन तयार होतो. म्हणून तो दुपारी सर्वांत जास्त असतो. आणि नेमकं तेव्हाच पान कर्बवायू घ्यायला आपली रंध्रं उघडून बसलेलं असतं. त्याच दारातून ओझोन आत शिरतो, पेशींना इजा करतो. पान दुरुस्तीला लागतं, त्यात ताकद खर्च होते. प्रकाशसंश्लेषण मंदावतं, पान लवकर म्हातारं होतं. गव्हात दाणा भरायचे दिवस कमी पडतात, म्हणून ओंब्या तेवढ्याच आणि दाणा बारीक.

सगळी पिकं सारखी हळवी नसतात. गहू, सोयाबीन, कापूस यांना जास्त लागतं. भात आणि मका त्या मानाने सोसतात.

किती, याचं एक उत्तर पुण्यातूनच आलंय. उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००५ या वर्षाचा हिशेब मांडला होता. ओझोनमुळे देशात गव्हाचं सुमारे ३५ लाख टन आणि भाताचं सुमारे २१ लाख टन नुकसान. दारिद्र्यरेषेखालच्या साधारण ९ कोटी ४० लाख लोकांना पुरेल एवढं हे धान्य. सर्वाधिक नुकसान मध्य आणि उत्तर भारतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि तो खरोखर अवघड आहे. खत कमी पडलं तर शेजारच्या शेताशी ताडून बघता येतं. पाणी कमी पडलं तर टोकाच्या वाफ्यात दिसतं. ओझोन मात्र तालुक्याच्या तालुक्यावर सारखा पसरलेला असतो. शेजाऱ्याचा गहूही त्याच हवेत उभा. ज्याच्याशी ताडून बघावं असं निर्मळ हवेतलं शेत कुणाकडेच नाही.

रानमेवा | ६ जानेवारी, दुपारी २:१०

शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. एवढं सोपं करून सांगितलंत, वातकुक्कुटताई, तुमचं तोंड निफाडच्याच द्राक्षांनी गोड करायला हवं. शिवारकर, मनावर घ्या!

पऱ्हाटी | ६ जानेवारी, रात्री ८:२२

ओझोन दिसत नाही म्हणता, आमच्याकडचं तर डोळ्यानं दिसते आणि हाताला लागते.

मी यवतमाळकडच्या वणी भागातला कास्तकार. गावापासून दीड कोसावर कोळशाची खाण, तिथून ट्रक रात्रंदिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पऱ्हाट्या दिवाळीपर्यंत काळ्या होतात. बोंड फुटलं की कापूस पांढरा निघतो आणि दोन दिवसांत राखाडी होतो. वेचणाऱ्या बायांचे हात संध्याकाळी कोळसा उचलल्यासारखे दिसतात. त्या रस्त्याकडच्या ओळी वेचायला मजुरी वाढवून मागतात, आणि ते बरोबरच आहे, खोकला त्यांनाच होते. जिनिंगवर माल नेला की व्यापारी मूठ उघडून दाखवते, "हे पाहा", आणि भाव पाडते. म्हणजे आधी झाड खंगलं म्हणून वजन कमी, मग रंग गेला म्हणून भाव कमी. दोन्हीकडून मार.

आणि धुळीच्या झाडावर लाल कोळी जास्त येते, हे कोणाही कास्तकाराला विचारा.

अर्ज केला. पंचनाम्याला माणूस आला. फॉर्मवर अतिवृष्टी, गारपीट, कीड, पूर, सगळ्याचे रकाने. धुळीचा रकाना नाही. खाणवाले म्हणतात, नुकसान धुळीनंच झालं हे सिद्ध करा. कास्तकारानं कोणत्या तराजूत धूळ मोजावी?

अनुराधा_फ्रेस्नो | ७ जानेवारी, सकाळी ९:५०

पऱ्हाटी, वाचून फार वाईट वाटलं. इथल्या जुन्या शेतकऱ्यांचं बोलणंही असंच असायचं म्हणतात.

मी कॅलिफोर्नियात सॅन वाकीन खोऱ्यात राहते. द्राक्षं, बेदाणे, बदाम, कापूस असा सगळा हा पट्टा, आणि ओझोनच्या बाबतीत अमेरिकेतल्या सर्वांत वाईट भागांपैकी एक. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये हवा कोंडलेली.

पिकांनीच शास्त्रज्ञांना या वायूपर्यंत नेलं, ही गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या आसपास पालेभाज्यांची पानं चंदेरी-तपकिरी पडायला लागली. रोग सापडेना, कीड सापडेना. कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट नावाचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ होते. ते तोवर अननसाचा वास कशाने येतो यावर काम करत होते. त्यांनी पालक, बीट, ओट अशी रोपं बंद कोठडीत ठेवून त्यांवर निरनिराळे वायू सोडले आणि दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या वाफा उन्हात शिजून जे बनतं, तेच हे नुकसान करतं. आणि शिवारकर, तुमच्याकडे द्राक्षबाग आहे म्हणून सांगते: द्राक्षाच्या पानांवरचे गडद बारीक ठिपके ओझोनमुळे येतात, हे इथेच १९५८ साली नोंदवलं गेलं. जुन्या पानांवर आधी, वरच्याच बाजूला, आणि शिरा मात्र स्वच्छ. तुमच्या बागेत काय दिसतं?

चिंतामणी_७१ | ७ जानेवारी, दुपारी ४:१८

मी कृषी खात्यात ३३ वर्षं काढली. चर्चा चांगली चालू आहे, पण थोडा थांबा म्हणतो.

शेतकऱ्याला आधीच शंभर कारणं. बियाण्याची भेसळ, विजेची वेळ, मजूर, भाव. त्यात हवेचं एक नवं कारण दिलं की जे त्याच्या हातात आहे तेही तो सोडून देईल, अशी मला भीती वाटते. दुसरं, देशात सर्वांत धुरकट हवा म्हणतात ती पंजाब-हरियाणा-दिल्लीकडे. आणि गव्हाचं हेक्टरी उत्पादन सर्वांत जास्त कुठे? पंजाब-हरियाणातच. हवेनं एवढं नुकसान होत असतं तर हे कसं? तिसरं, लाखो टनांचे हे आकडे संगणकावरच्या मॉडेलचे आहेत. कुणी काट्यावर वजन केलेलं नाही.

पानावरच्या ठिपक्यांवरून निदान करताना मी स्वतः अनेकदा चुकलेलो आहे. कपाशीचा लाल्या घ्या. मॅग्नेशियम, नत्र, रात्रीची थंडी, तुडतुडे, सगळ्यांनी पान लालच होतं.

वातकुक्कुट | ७ जानेवारी, रात्री ९:००

चिंतामणीकाका, तुमचे तिन्ही मुद्दे उत्तर देण्याजोगे आहेत.

पंजाबचं आधी. तिथे कालवे आहेत, थंडी लांबते, जमीन सुपीक. उत्पादन जास्त येतं ते या सगळ्यामुळे, धूर असूनही. प्रश्न असा विचारायला हवा की तोच गहू, तेच पाणी, तेच खत, आणि हवा स्वच्छ असती तर किती आलं असतं?

आणि हे काट्यावर मोजलेलं आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयात मधूलिका अग्रवाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. वरून उघडे, बाजूने प्लास्टिकचे गोल कक्ष शेतात उभे करायचे. एकात वाराणसीच्या परिसरातली आहे तशी हवा, दुसऱ्यात कोळशाच्या गाळण्यांतून आलेली. बियाणं एक, माती एक, पाणी एक. शेवटी दाणे मोजायचे, वजन करायचं. गाळलेल्या हवेतलं पीक सरस येतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात तर उघड्या शेतातच नळ्या लावून सोयाबीनवर ओझोन सोडतात आणि उत्पादन किती घटतं ते बघतात. मॉडेलं या प्रयोगांवर उभी आहेत. मॉडेलच्या आकड्यात चूक राहू शकते हे मान्य. पुण्याच्या अभ्यासातही आकड्यापुढे अधिक-उणे दिलेलं आहे: गव्हाला ३५ लाख टन, अधिक-उणे ८ लाख.

अजून एक. ताडून बघायला शेत नाही असं मी काल लिहिलं, त्यावर एक युक्ती निघालीय: वारा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये भारतातल्या कोळशाच्या वीजकेंद्रांभोवतीच्या भात-गव्हाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेत तेच; कधी वारा केंद्राकडून येतो, कधी दुसरीकडून. त्यावरून हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड आणि पीक यांचा संबंध लावला. केंद्रापासून १०० किलोमीटरपर्यंत परिणाम दिसला, आणि काही भागांत वर्षाकाठची घट १० टक्क्यांच्या वर.

लाल्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. नुसत्या ठिपक्यावरून ओझोन म्हणू नये.

चिंतामणी_७१ | ८ जानेवारी, सकाळी ६:४०

गाळलेल्या हवेचा प्रयोग मला ठाऊक नव्हता. तो मुद्दा मागे घेतो.

पण एक उलट बाजूही लिहून ठेवतो. युरोपात १९८० नंतर धुराड्यांतला गंधक कमी केला, तेव्हा मोहरीवर्गीय पिकांत गंधकाची कमतरता दिसायला लागली आणि शेतकऱ्यांना तो खतातून द्यावा लागला. म्हणजे हवेतून जे पडत होतं त्यातलं काही पीक वापरतही होतं.

वातकुक्कुट | ८ जानेवारी, सकाळी ८:१५

अगदी खरं, काका. मात्र खतातून गंधक मोजून देता येतो. हवेतून किती यावा हे शेतकरी ठरवू शकत नाही.

गोमतीकाठी | ८ जानेवारी, दुपारी १२:२५

लखनौत २६ वर्षं झाली. इथल्या आंब्याचं सांगते, कारण त्यात कारण आणि परिणाम अगदी समोरासमोर दिसतात.

मलिहाबादच्या दशहरीच्या बागांजवळ वीटभट्ट्या असल्या की कैरीचं खालचं टोक आधी पिवळट आणि मग काळं पडतं. फळ टोकाकडून चपटं होतं, अवेळी पिकतं, गळतं. कीड नाही, बुरशी नाही, भट्टीचा धूर. हे बागायतीच्या पुस्तकांतही आहे आणि माळ्यांनाही पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. उपाय म्हणून लिटरला ६ ग्रॅम बोरॅक्स घेऊन मोहोराच्या आधीपासून फवारण्या करतात, भट्टीचं धुराडं उंच करायला लावतात. सासरच्या बागेत मी स्वतः बघितलंय: भट्टीकडच्या दोन रांगांतली फळं वेगळ्या टोपलीत जायची, लोणच्यालाही कोणी घेत नसे. एक वर्ष भट्टी बंद राहिली आणि त्याच रांगांत फळ बरं आलं.

घोलवडची_लेक | ८ जानेवारी, रात्री १०:३५

वीटभट्टी, खाण, महामार्ग सगळं आलं, तेव्हा डहाणूचं कोणीतरी लिहायला हवं.

आमच्या तालुक्यात चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. याच तालुक्यात ५०० मेगावॅटचा कोळशाचा वीजप्रकल्प आला. बागायतदार, मच्छीमार, आदिवासी संघटना असे सगळे त्याविरुद्ध लढले. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राधिकरण नेमायला सांगितलं, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. ती प्रत्यक्ष सुरू झाली २००७ मध्ये.

आठ वर्षं! त्या आठ वर्षांत माझे आजोबा प्रत्येक सुनावणीला सदऱ्याच्या खिशात चिकूची पानं घेऊन जायचे. कोणी बघो न बघो. चिकूचं उत्पन्न घटलं ते धुराने, की झाडं म्हातारी झाली म्हणून, की फळ पोखरणाऱ्या अळीने, यावर आमच्या ओटीवर अजूनही वाद होतो. मला विचाराल तर तिन्ही. पण झाड थकलेलं असताना त्याला रोज धूर पाजावा का, हा आजोबांचा प्रश्न मला आजही पटतो.

आणि आता जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या साधारण ७८ टक्के कोळसा संचांना ही यंत्रणा बसवण्यापासून सूट दिली. आम्ही एका प्रकल्पासाठी जे आठ वर्षं भांडून मिळवलं, ते बहुतेक गावांना आता मागताही येणार नाही. मला याचा राग येतो.

वातकुक्कुट | ९ जानेवारी, सकाळी १०:०५

राग रास्त आहे. त्यात एक भर: ती यंत्रणा गंधकाचा धूर काढते, नायट्रोजनची ऑक्साइडं नाही. म्हणजे ती बसली तरी ओझोनचा प्रश्न उरतोच.

मधुकोष | ९ जानेवारी, दुपारी ३:४५

सगळे पानांबद्दल बोलताहेत, मी फुलांबद्दल लिहितो. मधमाशीपालन करतो, डाळिंब आणि कांदा बियाण्याच्या प्लॉटवर पेट्या भाड्याने देतो.

माशी वासावर फूल शोधते. डिझेलचा धूर आणि ओझोन त्या वासाचे रेणूच मोडतात. इंग्लंडात रेडिंग विद्यापीठाने मोहरीच्या शेतात रस्त्याकाठी असतो तेवढाच डिझेलचा धूर आणि ओझोन सोडून पाहिला. परागीभवन करणारे कीटक ६२ ते ७० टक्क्यांनी कमी झाले, फुलांवरच्या भेटी ८३ ते ९० टक्क्यांनी. २०२२ चा अभ्यास. त्याआधी २०२० मध्ये बेंगळुरूतल्या आग्या माश्यांवरचा अभ्यास आला. प्रदूषित भागांतून पकडलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त माश्या २४ तासांत मेल्या.

कांद्याच्या बियाण्याला माशी नाही तर बी नाही. रस्त्याकडेच्या प्लॉटवर पेट्या ठेवायच्या तर मी आता एकरी एक जास्त ठेवतो. शास्त्र म्हणून नव्हे, अनुभवाने.

ऊसाचं_गुऱ्हाळ | ९ जानेवारी, रात्री ९:२०

सगळं दुसऱ्याच्या धुरावर चाललंय, म्हणून आपल्याबद्दल लिहितो. आमच्या कोल्हापूर भागात तोडणी झाली की पाचट पेटवतात. मीही २०१८ पर्यंत पेटवत होतो. संध्याकाळी नदीकाठचा सगळा पट्टा लाल दिसायचा. दिल्लीच्या धुरासाठी पंजाबच्या शेतकऱ्याला बोल लावायचे आणि आपल्या बांधावर काडी ओढायची, हे बरोबर नाही. वातकुक्कुटताईंनी सांगितलेल्या त्या वाफा आणि ऑक्साइडं आमच्या पाचटातूनही येतच असणार.

आता सरीआड सरी पाचट दाबतो, कुजायला थोडा युरिया टाकतो. पाण्याची एक-दोन पाळी वाचते. अडचण एवढीच की तोडणीवाले जाळलेला ऊस मागतात, पाचटात त्यांचे हात चिरतात, तोडायला वेळ जातो. त्यांना वाढवून पैसे द्यायची तयारी हवी.

हरभरा | ९ जानेवारी, रात्री ९:५०

+१. आमच्या गल्लीत कुणी पाचट पेटवलं की आई दोरीवरचे कपडे काढायला धावते. पिकाला धावता येत नाही.

शिवारकर | १० जानेवारी, रात्री १०:१०

मंडळी, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

अनुराधाताई, द्राक्षाची पानं आज भिंगाखाली पाहिली. जुन्या पानांवर ठिपके आहेत, पण बागेत फवारण्या इतक्या झालेल्या असतात की त्यावरून काही बोलणं धाडसाचं होईल.

वातकुक्कुटताई, दोन गोष्टी विचारतो. ओझोनवर एखादं औषध आहे का? आणि गव्हाचे रस्त्याकडचे, मधले आणि लांबचे असे तीन तुकडे वेगळे काढून वजन केलं तर काही कळेल का?

वातकुक्कुट | ११ जानेवारी, दुपारी १:५०

औषधासारखं एक रसायन आहे, संशोधक त्याला ईडीयू म्हणतात. रोपांना दिलं की ओझोनची इजा बरीच टळते. म्हणून दिलेल्या आणि न दिलेल्या ओळींतला फरक मोजून ओझोनचं नुकसान काढतात. पण ते प्रयोगापुरतं आहे. शेतकऱ्याने विकत घेऊन फवारावं असं उत्पादन नाही.

तीन तुकड्यांबद्दल: धुळीचा फरक कळेल, ओझोनचा कळणार नाही. गंमत अशी की रस्त्याच्या अगदी कडेला ओझोन थोडा कमीच असतो, कारण गाडीतून निघालेला ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. वारा पुढे जातो तसा तो पुन्हा तयार होतो. शहराच्या धुराचा हा त्रास म्हणूनच लांबच्या गावांना जास्त होतो.

आणखी एक सांगते. आपल्याकडे ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. ती माणसाच्या आरोग्यासाठी. पिकांच्या अभ्यासात मात्र ४० पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत ४० भाग), म्हणजे सुमारे ८० मायक्रोग्रॅमच्या वर गेलेल्या प्रत्येक तासाची बेरीज धरतात. म्हणजे अहवालात हवा नियमात बसलेली असते आणि गहू इजा सोसत असतो.

तुमच्या हातात आहे ते एवढंच: पेरणी वेळेवर. थंडी सरली, ऊन वाढलं की ओझोनही चढतो. उशिराच्या गव्हाचा दाणा भरायचा काळ नेमका त्यात सापडतो, वर उष्णतेचा मार असतोच.

चिंतामणी_७१ | ११ जानेवारी, सायंकाळी ५:३०

पेरणी १५ नोव्हेंबरच्या आत. हे आम्ही वेगळ्या कारणासाठी सांगत आलो. शिवारकर, तुम्ही कधी पेरता?

शिवारकर | ११ जानेवारी, रात्री ८:४५

सोयाबीन निघून रान तयार होईपर्यंत डिसेंबरचा पहिला आठवडा. तीन वर्षं हेच.

चिंतामणी_७१ | ११ जानेवारी, रात्री ९:१०

मग आधी ते सुधारा. यंदाचं गेलं. पण तीन तुकडे तोला, काय येतं ते इथे लिहा. मला उत्सुकता आहे.

शिवारकर | १२ एप्रिल, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. गहू निघाला, पोत्यांत भरून झाला.

रस्त्याकडे, मध्ये आणि विहिरीकडे, प्रत्येक ठिकाणी एक मीटर बाय एक मीटरचे तीन चौकोन कापून, झोडून, किराणा दुकानाच्या काट्यावर तोलले. रस्त्याकडचे तिन्ही चौकोन हलके भरले. मधले आणि विहिरीकडचे सारखेच. म्हणजे धूळ दिसली. बाकी सगळीकडे दाणा सारखाच बारीक, आणि ठिपके विहिरीकडेही तेवढेच होते. ताई म्हणाल्या तसंच झालं, ताडून बघायला जागाच नाही. फोटो खाली जोडलेत.

पण एक वेगळी गोष्ट सापडली. विहिरीकडच्या कोपऱ्यात वडिलांनी घरच्या खाण्यापुरता जुना बन्सी गहू १० नोव्हेंबरला पेरला होता, पाच गुंठे. त्याची पानं शेवटपर्यंत बरी राहिली. आता हे लवकरच्या पेरणीमुळे, की वाणामुळे, की हवेमुळे, हे मला सांगता येत नाही. पुढच्या वर्षी माझा नेहमीचा गहू दोन तारखांना पेरणार आहे, अर्धा एकर लवकर, बाकी नेहमीसारखा. बन्सीही दोन्ही तारखांना थोडा थोडा.

पऱ्हाटी | १२ एप्रिल, रात्री १०:०२

दादा, तुमचे चौकोन पाहून मीही औंदा रस्त्याकडच्या दहा ओळींचा कापूस वेगळा वेचून वेगळा तोलणार. आतल्या दहा ओळींचाही. तारीख घालून वहीत लिहितो. पुढच्या अर्जाला ते कागद लावीन.

घोलवडची_लेक | १२ एप्रिल, रात्री १०:२०

पऱ्हाटीदादा, जरूर लिहा. फोटो काढताना वजनकाटा, ओळ आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र एका चौकटीत येऊ द्या. शक्य झालं तर गावातल्या दोघांच्या सह्या घ्या. आमच्या लढ्यात असले साधे कागदच कामी आले होते.

वातकुक्कुट | १३ एप्रिल, सकाळी ९:१५

शिवारकर, दोन तारखा आणि दोन वाण ही मांडणी उत्तम आहे. काका, तुम्हाला काय वाटतं? मला एक सुचतंय. ओझोन मोजायच्या साध्या नळ्या मिळतात, त्यांना वीज लागत नाही. ठराविक दिवस टांगायच्या, मग प्रयोगशाळेत बघायच्या. पुढच्या जानेवारीत मी चार-पाच पाठवू शकेन. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा.

चिंतामणी_७१ | १३ एप्रिल, सकाळी ११:४०

मांडणी चांगली, फक्त प्रत्येक तारखेचे तीन-तीन वाफे करा, एकेक नको. वाफ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. पेरणीला मी स्वतः येतो, नाशिकला मुलीकडे असतोच.

शिवारकर | १३ एप्रिल, रात्री ८:५५

काका, या, राहायलाच या. पत्ता दोघांनाही व्यनि केलाय. ताई, नळ्या टांगायला विहिरीवरचा मोटारीचा खांब चालेल का?

वातकुक्कुट | १३ एप्रिल, रात्री ९:२०

तिथे डिझेल इंजिन असेल तर नको. झाडाखालीही नको. मोकळ्या रानात बांबू रोवा, पिकाच्या उंचीपेक्षा हातभर वर, आणि वरून पावसाला एक उलटा डबा.